किल्लीचं चित्र असलेलं बटण

जळगाव,
६ जानेवारी २०२५

ती. सुकदेवभाऊ,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून लिहायला बसले आहे, म्हणजे निदान पाकीट न फोडता परत पाठवणार नाही. तुम्ही फोन उचलत नाही. दिवाळीपासून एकवीस वेळा लावला. मेघाला भुसावळला विचारलं, तर ती म्हणते, नाना हल्ली फोन वापरतच नाहीत. लेक बापाची बाजू घेणारच, घेऊ दे. पण ज्या माणसानं चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, त्यानं बहिणीचा फोन घेऊ नये, याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

भाऊबीजेचं डोक्यातून जात नाही, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते. त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास इंटरकॉम वाजला. मी रिसिव्हर उचलला. तुम्ही म्हणालात, “रत्ना, मी शे.” मी किल्लीचं चित्र असलेलं बटण दाबलं. ते दाबलं की खालच्या मोठ्या दाराचं कुलूप सुटतं. त्या दिवशी सुटलं नाही. मी म्हणाले, “भाऊ, थांबा, दार उघडत नाहीये, मी खाली येते.” ते तुम्ही ऐकलंच असेल. मग हे गुडघे घेऊन, कठडा धरून, तिसऱ्या मजल्यावरून एकेक पायरी उतरत खाली यायला मला दहा मिनिटं लागली. दार उघडलं तर तुम्ही नव्हता. पायरीवर पिशवी होती, तिच्यात साडी आणि कळण्याचं पीठ. मी तशीच अनवाणी रिक्षाच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आले.

हे जुलैत गेले, तेव्हा ती दुःखाची दिवाळी. फराळ केला नाही, दिवा लावला तो देवापुढे. पण भाऊबीज भावाची असते म्हणून ताट तेवढं केलं होतं. संध्याकाळपर्यंत ते झाकून ठेवलं, मग नारळ देवापुढे ठेवून दिला. तुम्ही रागावून गेलात की आणखी काय झालं, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

आता कामाचं. दार अजून उघडत नाही. इलेक्ट्रिशियन म्हणतो, सगळा सेट बदला. तुम्ही नेहमी सांगायचात की दोष शोधल्याशिवाय यंत्र बदलणारा माणूस खात्यात नको. तर तो दोष शोधून द्या. आखाजी तीस एप्रिलला आहे. त्या सणाला बहिणीला माहेरी न्यायला भावानंच यायचं असतं, आणि मुराळी म्हणून माझ्या दारात यायला मला तुमच्याशिवाय कोणी नाही. तोवर हे दार उघडायला लागलं पाहिजे, एवढंच माझं मागणं आहे.

तुमची
रत्ना


धुळे,
१७ जानेवारी २०२५

चि. रत्नास आशीर्वाद.

पाकीट फोडलं. परत पाठवायलाही तिकीट लागतं.

तू म्हणतेस मी ऐकलं असेल. मी काही ऐकलं नाही. नाव सांगून दारात उभा राहिलो. आतून शब्द आला नाही आणि दारही उघडलं नाही. आपल्या बापाची शिकवण तुला ठाऊक आहे. भावानं बहिणीच्या दारात एकदाच हाक द्यायची, दुसऱ्यांदा दिली तर ते मागणं होतं. म्हणून पुन्हा बटण दाबलं नाही. पिशवी ठेवली आणि एस.टी. धरली.

त्याआधी फेब्रुवारीत आलो तेव्हा अमृतराव माझ्या तोंडावर जे बोलले, तेही मी विसरलेलो नाही. जुलैत मयतीला आलो तो स्मशानातूनच परत फिरलो. माणूस गेला, आता त्यावर बोलायचं नाही. पण एका वर्षात ज्या घरी दोनदा असं झालं, तिथं तिसऱ्यांदा जाताना माणूस विचार करतो.

यंत्राचं लिहितो, कारण यंत्राचा काही अपराध नाही. तुझ्याकडे दोष दोन आहेत असं दिसतं. एक, तुझा आवाज खाली येत नाही. दुसरा, कुलूप सुटत नाही. दोघांच्या मागे एकदम लागायचं नाही. आधी खाली कोणाला तरी उभं कर आणि वरून बोल. त्यांना ऐकू येतं का विचार. मग किल्लीचं बटण दाब आणि त्यांना कुलपाला कान लावायला सांग. खट्ट वाजतं, नुसती गुरगुर येते, की काहीच येत नाही, ते मला कळव. गुरगुर असेल तर कुलूप चांगलं आहे, दार खाली बसून अडकत असेल. त्याला सुतार लागतो, मी नाही.

सुकदेव


जळगाव,
२९ जानेवारी २०२५

ती. भाऊ,

तुमचं पत्र आलं आणि मी दोन वेळा वाचलं. रागाचं असलं तरी अक्षर तुमचंच.

दुसऱ्या मजल्यावरच्या राजकुंवरभाभींना खाली उभं केलं. त्या मूळच्या राजस्थानच्या, पण त्यांच्या तीन पिढ्या इथं कापडाच्या दुकानात गेल्या. चांगल्या आहेत, फक्त यंत्राला भितात. मी वरून म्हटलं, “भाभी, तुमचं दूध उतू चाललंय.” म्हटलं, ऐकू येतं का बघू. त्या खरंच धावत वर आल्या. त्यांची समजूत घालण्यात अर्धा तास गेला आणि वर त्यांचा चहाही प्यावा लागला. म्हणजे आवाजाचा दोष नाही, भाऊ. त्या म्हणतात, कानात बोलल्यासारखा येतो.

मग पुन्हा खाली पाठवलं. मी बटण दाबलं, दहा वेळा दाबलं. भाभींनी कुलपाला कान लावला होता. खट्ट नाही, गुरगुर नाही. म्हणाल्या, “एकदम गुमसुम है.”

हे तुम्हाला त्या दिवशी काय बोलले ते मला माहीत आहे. मी स्वयंपाकघरात होते, सगळं ऐकलं. तुम्ही चहा न घेता जिना उतरलात तेव्हा मी तुम्हाला हाक मारायला हवी होती, मारली नाही. का मारली नाही ते सांगायचं आहे, पण आज हात चालत नाही. रागावू नका.

तुम्ही बरे आहात ना? एकटे राहता, जेवणाचा डबा वेळेवर येतो का ते लिहा. सगळं पत्र कुलपावर घालवू नका.

रत्ना


धुळे,
१० फेब्रुवारी २०२५

चि. रत्नास आशीर्वाद.

डबा येतो. भाजीत तेल फार असतं. बाकी बरा आहे.

तुझ्या भाभींना ऐकू आलं, ठीक. त्या दिवशी आलं नसेल. तारेच्या सांध्याला गंज धरला की आवाज कधी येतो, कधी येत नाही. साक्रीच्या लाइनवर पावसाळ्यात मी असे दोष रोज काढले आहेत. खांबावर चढायचं, रिसिव्हर तारेला लावायचा आणि नुसतं ऐकायचं. खरखर कोणत्या तऱ्हेची आहे त्यावरून कोणत्या खांबाशी पाणी शिरलं ते सांगायचो. साहेब लोक मीटर घेऊन मागून यायचे आणि तेच सांगायचे. तेव्हा आवाजाचं तू ठरवू नकोस. ते मी कधी आलोच तर स्वतः बघेन.

कुलपाचं आता सोपं झालं. भाभींच्या घरी जा आणि त्यांचं किल्लीचं बटण दाबायला लाव. तिथूनही दार उघडलं नाही तर दोष खाली आहे, कुलपात नाहीतर करंट देणाऱ्या डब्यात. तिथून उघडलं तर खालचं सगळं निर्दोष, आणि दोष तुझ्या भिंतीवरच्या यंत्रात.

तसं निघालं तर मीटरच्या खोलीतला इंटरकॉमचा स्विच बंद कर. भिंतीवरच्या यंत्राला खाली एक स्क्रू असतो, तो टेस्टरने काढ. झाकण वर ओढलं की निघतं. आत एक पट्टी दिसेल, तिच्यात रंगीत तारा खोचलेल्या असतात. कोणती तार कुठं आहे, कोणती सुटली आहे, ते नीट बघून लिही. हात लावू नको. नुसतं बघ आणि जे दिसेल तेच लिही, मनाचं घालू नको.

गुडघ्यांना निर्गुडीचा पाला बांध. तीन मजले उगाच चढू-उतरू नको, भाभींना पळव.

सुकदेव


जळगाव,
२१ फेब्रुवारी २०२५

ती. भाऊ,

तुम्ही सांगितलं तसं केलं. भाभींनी त्यांच्या घरून बटण दाबलं आणि खाली दार खट्ट करून उघडलं. म्हणजे दोष माझ्याच घरात.

झाकण काढलं. स्क्रू घरंगळून कपाटाखाली गेला, तो झाडूनं काढला. आत पट्टी आहे. लाल, काळी, हिरवी आणि पांढरी, अशा चार तारा पट्टीत खोचलेल्या आहेत. पाचवी पिवळी आहे. ती पट्टीत नाही. मागं दुमडून ठेवली आहे आणि तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली आहे.

तुम्ही म्हणालात, दिसेल तेच लिही. म्हणून लिहिलं.

रत्ना


धुळे,
१ मार्च २०२५

रत्ना,

आपोआप तुटलेल्या तारेला टेप नसते. ती तार कोणीतरी सोडवली, टोक झाकलं आणि दुमडून ठेवलं. हे कसबी माणसाचं काम आहे आणि सांगून करवून घेतलेलं आहे. तुझ्या घरात दोनच माणसं होती.

मी बहिणीच्या दारात उभा होतो आणि त्या दाराची तार आधीच काढून ठेवलेली होती. वर तूच मला दोष शोधायला सांगतेस. दोन महिने मी म्हातारा इथं बसून तुझ्या यंत्राची चित्रं काढतो आहे.

दोष सापडला. आता मला लिहायचं कारण उरलं नाही.

सुकदेव


जळगाव,
९ मार्च २०२५

ती. भाऊ,

हे पत्र शेवटपर्यंत वाचा, मग फाडा.

तार मीच काढायला लावली. गेल्या मार्चमध्ये. तुमच्यासाठी नाही, ह्यांच्यासाठी. मला पहिल्या पत्रापासून ठाऊक होतं. इलेक्ट्रिशियन सेट बदला म्हणाला हे मी खोटं लिहिलं, असा कोणी आलाच नव्हता. तुम्ही फोन घेत नव्हता आणि दोष दिसल्यावर तुमच्यानं गप्प बसवत नाही हे मला माहीत आहे, म्हणून मी तुमच्यापुढे दोष ठेवला.

ह्यांना विसर पडायला लागला त्याला तीन वर्षं झाली होती. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. डॉक्टरांनी नाव सांगितलं, उपाय नाही म्हणाले. त्या दिवशी दवाखान्यातून येताना रिक्षात हे मला म्हणाले, “तुझ्या माहेरी सांगू नको. सुकदेवभाऊ मला हुशार समजतात.” तेव्हा त्यांना सगळं समजत होतं, भाऊ. ते शेवटचं शहाणपणाचं मागणं होतं आणि मी हो म्हटलं होतं. तुम्ही हे स्थळ आणलंत तेव्हा घरात सगळ्यांना सांगत फिरला होतात की मुलगा पाइपच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो, चार हजार वस्तू तोंडपाठ आहेत त्याला. ते ऐकलेलं ह्यांनी जन्मभर जपलं होतं.

फेब्रुवारीत तुम्ही आलात तेव्हा हे दारात जाऊन म्हणाले, “हाऊ कोन शे? याले कोनी आत येऊ दिधं?” तुम्ही मान खाली घालून परत फिरलात. मी स्वयंपाकघरात पदर तोंडात धरून उभी राहिले. बाहेर येऊन सांगितलं असतं तर ह्यांना दिलेला शब्द मोडला असता. नाही सांगितलं तर भाऊ जात होता. मी भावाला जाऊ दिलं. तासाभरानं हे विचारायला लागले, “सुकदेवभाऊ येणार होते ना? आले नाहीत अजून.” उठले, रिसिव्हर उचलला आणि किल्लीचं बटण दाबून धरलं. म्हणाले, “या भाऊ, वर या.” खाली कोणी नव्हतं.

तेव्हापासून त्यांना तो नादच लागला. दिवसभर बटण दाबायचे. कधी कारखान्याची गाडी आली म्हणून, कधी तुम्ही आलात म्हणून. खालचं दार दिवसभर उघडं राहायचं, कुत्री जिन्यात येऊन बसायची, कोणीही वर यायचं. लोक बोलायला लागले आणि त्यांचंही खरं होतं. मग मी ती पिवळी तार काढायला लावली. ह्यांना सांगितलं नाही. ते शेवटपर्यंत बटण दाबत राहिले आणि आपण दार उघडलं असं समजून समाधानानं खुर्चीत बसत राहिले.

ते गेल्यावर ती तार मी विसरले. कोणी येतच नव्हतं तर आठवणार कशी. भाऊबीजेला तुमचा आवाज आला, मी घाईनं बटण दाबलं, आणि जिना उतरताना अर्ध्यावर मला तार आठवली. मी काही बोलले नसते आणि तुम्ही गेला असतात तर चाललं असतं, पण मी थांबा म्हटल्यावरही गेलात, ते मला फार लागलं.

तुम्ही या, भाऊ. दार मी हातानं उघडीन.

रत्ना


भुसावळ,
५ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

नानांना न सांगता लिहिते आहे. फोनवर बोलायला घेतलं असतं तर मला रडू आलं असतं आणि अर्धं राहून गेलं असतं.

गेल्या रविवारी धुळ्याला गेले होते. नानांनी तुमचं शेवटचं पत्र माझ्या हातात ठेवलं, “वाच” म्हणाले आणि गच्चीवर गेले. मग बाकीची पत्रंही वाचली. आत्या, तुम्ही भाऊबीजेला “थांबा, मी येते” म्हणालात ते नानांना कळलंच नाही. त्यांना ऐकू येत नाही. दोन वर्षांपासून कमी होतं, गेल्या पोळ्यापासून अगदीच गेलं. मशीन लावून बघितलं, त्यात नुसती खरखर येते म्हणतात. डॉक्टर म्हणाले नस गेली आहे. तुमचे एकवीस फोन त्यांच्या पलंगावर वाजत राहिले असतील.

त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली होती की रत्नाला सांगायचं नाही. त्यांना लाज वाटते. खात्यातले जुने लोक भेटायला आले तर आधीच स्वतः बोलत सुटतात, म्हणजे समोरच्याला विचारायला जागा उरत नाही. समोर बसून, तोंडाकडे बघू देऊन सावकाश बोललं तर अर्ध्याहून जास्त कळतं. पाठमोरं बोललेलं कळत नाही, आणि दाराच्या जाळीतून आलेला आवाज तर कधीच कळणार नाही. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा त्यांना समजलंच असेल की चूक यंत्राची नाही. तरी ते यंत्राला दोष देत राहिले.

काकांच्या आजाराचं वाचल्यापासून जेवण कमी झालं आहे. मला एवढंच म्हणाले, “एक तास थांबायला पाहिजे होतं मी.” आत्या, ते येतील. पण त्यांचं तुम्हाला कळलं आहे हे दाखवू नका. मी सांगितलं असं समजलं तर माझ्याशी बोलणार नाहीत, आणि आता त्यांना बोलायला आपण दोघीच आहोत.

तुमची
मेघा


धुळे,
१४ एप्रिल २०२५

चि. रत्नास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. बऱ्याच वेळा वाचलं. अमृतराव हुशारच होते. मी त्या दिवशी उठून जायला नको होतं. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून मला समजायला हवं होतं, ते मी बघितलं नाही.

सोमवारी २८ तारखेला सकाळच्या गाडीनं येतो. मुराळी म्हणून येतो आहे, तेव्हा बॅग भरून ठेव, आखाजी इथं करू. पिवळी तार कोणाकडून जोडून घेऊ नको. मी येऊन जोडतो. आवाजाचा दोषही तेव्हाच बघू.

सुकदेव


धुळे,
३ मे २०२५

प्रिय मेघा,

तू सासूबाईंच्या ऑपरेशनमुळे यंदा आखाजीला आली नाहीस, म्हणून इकडचं कळवते. नाना आत झोपले आहेत. मी ओट्यावर बसून लिहिते आहे. सांजोऱ्या तुझ्यासाठी डब्यात काढून ठेवल्या आहेत, ते एकट्यानं संपवतील म्हणून लपवाव्या लागल्या.

त्या सोमवारी मी दहा वाजल्यापासून खाली दाराशी खुर्ची टाकून बसले होते, दार उघडं ठेवून. त्यांना बटण दाबायची वेळच येऊ नये असं मला वाटत होतं. ते आले आणि आल्या आल्या रागावले, “दार सताड उघडं टाकून बसलीस, मग कुलूप कशाला लावलंय?” मी तू सांगितलं तसं त्यांच्या तोंडासमोर उभी राहून सावकाश बोलले. ते माझ्याआधी तीन मजले चढून गेले.

पाणीसुद्धा न पिता आधी टेस्टर मागितला. ह्यांच्या फोटोपुढे जरा वेळ उभे राहिले, नमस्कार केला, मग झाकण काढलं. टेप सोडवली, तार सोलली, पट्टीत खोचली. हात अजून जराही हलत नाही. भाभींकडून बंद करवलेला मीटरच्या खोलीतला स्विच परत लावून घेतला. आता जेवायला वाढते म्हटलं, तर म्हणाले, “आधी आवाजाचा दोष बघू. तू खाली जा, बटण दाब आणि एकपासून दहापर्यंत म्हण. मी इथून ऐकतो.”

मला नको होतं ते. गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. तर म्हणाले, भाभींना पाठव. ते मला त्याहून नको होतं. त्यांच्या कानाचं परक्या माणसानं बघू नये म्हणून मीच उतरले.

खाली जाऊन बटण दाबलं. वरून आवाज आला, “हां, बोल.” रिसिव्हर आधीपासूनच हातात धरून उभे असावेत. मी म्हणायला लागले, एक, दोन, तीन, चार. तिथंच मी थांबले, पुढचा आकडा म्हटलाच नाही. वरून ते बेताबेतानं “हां, हां” म्हणत होते. थोडा वेळ गेला आणि म्हणाले, “दहापर्यंत साफ आला. अगदी शेजारी उभी असल्यासारखा.”

मेघा, तू पत्रात लिहिलं होतंस, पण तोवर मला ते नुसतं माहीत होतं. आपला भाऊ आपल्याला पुन्हा कधी ऐकणार नाही हे त्या दारात उभं राहून मला कळलं. लहानपणी मी विहिरीवरून हाक मारली की हा मळ्याच्या दुसऱ्या टोकावरून ओ द्यायचा. मी जाळीला तोंड लावलं आणि लहानपणी बोलायचे तसं बोलले, “भाऊ, तुले ऐकू येत नही, हाई माले माहीत शे.” आणि मग थांबलेच नाही. हे गेल्यापासून दिवसच्या दिवस कोणाशी बोलणं होत नाही ते सांगितलं. ह्यांना दिलेला शब्द पाळताना मी तुम्हाला तोडलं त्याची माफी मागितली. तुम्ही आधी जाऊ नका, आता मला मागं ठेवून जाणारं आणखी माणूस नको, हेही बोलले. जे समोर बसून बोलवलं नसतं आणि पत्रात लिहवलं नसतं, ते सगळं.

वरून आवाज आला, “हां. बठ्ठं, सगळं ऐकू येस. आते दार लोट.”

खट्ट वाजलं आणि दार सुटलं. मी आत शिरले आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. बाहेरच्या जाळीतून त्यांचा आवाज येत होता, “उघडलं का? रत्ना, उघडलं का?” मी तिथूनच दोनदा हो म्हटलं. ते विचारतच राहिले. मग मी डोळे पुसले, कठडा धरला आणि एकेक पायरी चढत वर गेले. तुझे नाना रिसिव्हर कानाला लावून तसेच उभे होते. मी त्यांच्या समोर गेले, त्यांना माझं तोंड दिसेल अशी उभी राहिले आणि म्हटलं, उघडलं.

त्यांनी रिसिव्हर जागेवर ठेवला. म्हणाले, “एवढं सांगायला तीन मजले चढून आलीस? खालूनच सांगायचं. मी ऐकतच होतो ना.”

मी म्हटलं, चुकलं भाऊ, पुढच्या वेळी खालूनच सांगेन. आणि पानं वाढायला घेतली.

तुझी
रत्नाआत्या